‘तो घरातला कर्ता पुरुष आहे,’ असं मी सांगून बसले

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

मुलगा अकरावीत शिकतो. गणपती विसर्जनाच्या रात्री दोन गटांत मारामारी झाली आणि कोयत्याचा वार बसून १९ वर्षांचा एक तरुण गेला. पोलिसांनी पाच जणांना धरलं. चौघे सज्ञान, पाचवा हा. मुलगा म्हणतो, ‘मी फक्त गाडी चालवली, वार मी केला नाही.’ गुन्हा मात्र पाचही जणांवर खुनाचाच दाखल झाला आहे. मुलगा तीन आठवड्यांपासून निरीक्षणगृहात, म्हणजे लोक ज्याला रिमांड होम म्हणतात तिथे आहे. त्याच्यावर सज्ञान समजून खटला चालवायचा का, हे आता बाल न्याय मंडळ ठरवणार आहे.

घरात तीन माणसांची तीन मतं. टेम्पो चालवणारे वडील म्हणतात, ‘केलंय तर भोगू दे. त्या पोराच्या आईबापाच्या दारावरून मला जाता येत नाही, मी एक रुपया घालणार नाही.’ मामा म्हणतो, अर्धा एकर विकू आणि मोठा फौजदारी वकील देऊ. ओळखीतल्या एका वकिलांनी सुचवलं, की मानसतज्ज्ञांपुढे पोराला ‘काही कळत नाही’ असं वागायला शिकवा. ते जमणार नसेल तर केस मोठ्या कोर्टात जाऊ द्या, तिथे साक्षीदार फुटतात, पोरगा सुटतो.

आईची टोचणी वेगळीच आहे. घरची माहिती काढून मंडळाला अहवाल देणारे परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी आले तेव्हा तिने दहावीची ७८ टक्क्यांची गुणपत्रिका, शाळेतली पदकं असं सगळं पुढे ठेवलं आणि म्हणाली, ‘साहेब, नवरा महिन्यातले वीस दिवस बाहेर असतो. हाच घरातला कर्ता पुरुष आहे. बँक, दवाखाना, बहिणीची शाळा, सगळं हाच बघतो.’ आता कुणीतरी तिला सांगितलंय की यानेच घात केला. ती विचारते, ‘मी माझ्या हाताने पोराला आत ढकललं का?’

पत्राच्या तळाशी ताजा कलम आहे: ‘शाळेत गुरुजींनी १ जून तारीख लावली, खरा जन्म त्याच वर्षीच्या दिवाळीतला, सरकारी दवाखान्यातला. त्याचा काही उपयोग आहे का? भेटायला गेले तेव्हा त्याने केसचं काही विचारलं नाही. म्हणाला, माझी गोधडी आण.’

* * *

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिली आहे. तिथूनच सुरुवात करते, कारण त्या कामाला वेळ लागतो आणि तुमच्या हातात वेळ थोडा आहे.

आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, त्यामुळे तुम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही. पण हिशेब करून बघा. १ जून धरली तर विसर्जनाच्या रात्री तुमचा मुलगा १६ वर्षं ३ महिन्यांचा होता. दिवाळी धरली तर १६ पूर्ण व्हायला अजून महिना-दीड महिना बाकी होता. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे सज्ञान समजून खटला चालवण्याचा प्रश्न फक्त १६ ते १८ वयाच्या मुलांबाबत येतो, आणि वय मोजायचं ते घटनेच्या दिवशीचं. त्या दिवशी १६ पूर्ण नसतील तर आरोप खुनाचा असला तरी प्रकरण बाल न्याय मंडळाकडेच राहतं. मग मूल्यांकनाचा, म्हणजे सज्ञान समजून खटला चालवायचा का हे ठरवण्यासाठी मंडळ मुलाची जी तपासणी करतं तिचा, विषयच संपतो.

पण हे सोपं नाही. वयाचा पुरावा कोणत्या क्रमाने बघायचा हे कायद्याच्या ९४ व्या कलमात सांगितलं आहे. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. तुमच्याकडे शाळेचा दाखला आहे आणि तो १ जून म्हणतो. सरकारी पक्ष त्यालाच धरून बसेल. तुमच्या वकिलांना दाखवावं लागेल की शाळेतली नोंद कुठल्याही कागदाशिवाय, अंदाजाने झाली होती आणि जन्माच्या वेळी झालेली सरकारी नोंद वेगळं सांगते. म्हणून उद्याच दवाखान्याच्या प्रसूती नोंदवहीचा उतारा, ग्रामपंचायतीचा त्याच वर्षी नोंदलेला जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड आणि अंगणवाडीची नोंद मिळवायला लागा. शाळेतून प्रवेश नोंदवहीचा उतारा घ्या आणि तारीख कशाच्या आधारे लिहिली होती हे लेखी मागा. पुराव्यावरून दोन्ही अर्थ निघत असतील तर कल बालकाच्या बाजूने असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा म्हटलं आहे. वयाचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर काढता येतो, पण तो मूल्यांकनाच्या आधी काढण्यातच शहाणपण आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. तुमच्या भावाच्या किंवा आणखी कुणाच्या डोक्यात नवा दाखला ‘करून घेण्याचं’ आलं तर तिथल्या तिथे थांबवा. दिवाळीतला जन्म खरा असेल आणि त्याची त्या काळातली नोंद असेल, तरच या वाटेने जा. एक खोटा कागद सापडला की तुमच्या पन्नास खऱ्या कागदांवर कुणी विश्वास ठेवत नाही.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. त्यांच्या बोलण्यात मला राग कमी आणि लाज जास्त दिसते, आणि त्या लाजेचा मी मान राखते. एका घरातलं १९ वर्षांचं पोर गेलं आहे. पण ‘बचाव करायचा’ म्हणजे ‘काही घडलंच नाही म्हणायचं’, असं त्यांनी धरलं आहे, तिथे त्यांची गल्लत होते. पाच जणांत कुणी काय केलं, हे अजून कुणीही सिद्ध केलेलं नाही. समान उद्देशाचं कलम लावलं की गाडी चालवणारा आणि कोयता चालवणारा एकाच माळेत ओवले जातात. ते खरं असेल किंवा नसेल, पण ते तपासायला मुलाच्या बाजूने बोलणारं कुणीतरी तिथे लागतं. आणि समजा त्याचा दोष निघाला, तरी त्याचा जाब त्याच्याकडून १६ वर्षांचा मुलगा म्हणून घ्यायचा की ३० वर्षांचा बाप्या म्हणून, हा प्रश्न उरतोच. त्यांना सांगा, ‘त्याला सोडवायला चला असं मी म्हणत नाही, त्याचा बाप म्हणून मंडळासमोर माझ्या शेजारी बसा.’ तारखेला बापाची खुर्ची रिकामी असली की ती सगळ्यांना दिसते. जामिनाचा विचार करताना तर हमखास दिसते. मुलाला सोडलं तर त्याला सांभाळणार कोण, हेच मंडळाला बघायचं असतं.

जामिनाचं तुम्ही पत्रात काहीच लिहिलं नाही, म्हणून विचारते, अर्ज केला आहे का? खुनाचा आरोप आहे म्हणजे जामीन नाहीच, असं गावात सांगतात. बालकाच्या बाबतीत गुन्हा जामीनपात्र की अजामीनपात्र हा भेद कायद्याच्या १२ व्या कलमाने बाजूला ठेवला आहे. जामीन नाकारायला तीनच कारणं आहेत: सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता, त्याला शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका, आणि न्यायाचा हेतू विफल होण्याची भीती. यातलं कारण लागू आहे असं वाटलं तर मंडळाने ते लेखी नोंदवावं लागतं. तुमच्या गावात सध्या वातावरण तापलेलं असेल, तर त्याच्या जिवाला धोका आहे हेच कारण पुढे येईल. मग त्याला दुसऱ्या तालुक्यात मावशीकडे, आत्याकडे ठेवण्याची तयारी दाखवा. त्या नातेवाइकांना घेऊन जा आणि कॉलेजच्या बदलीचं विचारून ठेवा.

आता त्या ओळखीच्या वकिलांचा सल्ला. त्यांच्या दोन्ही सूचना मला साफ नामंजूर आहेत.

पहिली सूचना, नाटक करायला शिकवण्याची. ७८ टक्के मिळवलेला मुलगा तज्ज्ञापुढे ‘मला काही कळत नाही’ म्हणून बसला तर ते नाटक पाच मिनिटंही टिकणार नाही. त्याची गुणपत्रिका तर तुम्हीच दिली आहे. निरीक्षणगृहातले कर्मचारी त्याला रोज बघतात. नाटक उघडं पडलं की अहवालात त्याचा अर्थ एकच लिहिला जातो: मुलगा चतुर आहे, बनाव करू शकतो. आणि मूल्यांकनाचा प्रश्न मुळात ‘मुलगा हुशार आहे की मंद’ हा नाहीच. १५ व्या कलमात मंडळाने तपासायच्या गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या आहेत: तो गुन्हा करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, त्याचे परिणाम समजण्याची कुवत, आणि ज्या परिस्थितीत तो घडल्याचा आरोप आहे ती परिस्थिती. हा खटला नाही, असं कायद्याने तिथेच स्पष्ट केलं आहे. त्याने गुन्हा केला की नाही, हे तिथे ठरवायचं नसतं.

गुरुग्राममधल्या एका शाळेत २०१७ मध्ये सात वर्षांच्या विद्यार्थ्याचा खून झाला आणि अकरावीतल्या एका मुलावर आरोप आला. त्याच्या मूल्यांकनाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२२ च्या निकालात न्यायालयाने जे म्हटलं ते तुमच्यासारख्या प्रत्येक आईबापाच्या कामाचं आहे. नुसत्या बुद्ध्यांकावर भागत नाही. बुद्धी असणं वेगळं आणि स्वतःला आवरता येणं वेगळं. परिणाम समजणं म्हणजे ‘मारलं की माणूस मरतो’ एवढंच नव्हे. मेलेल्याच्या घराचं काय होईल, आपल्या घराचं काय होईल, आपल्या पुढच्या आयुष्याचं काय होईल, हे सगळं त्यात येतं. मंडळात बालमानसशास्त्राची किंवा बालमानसोपचाराची पदवी असलेली व्यक्ती नसेल, तर तज्ज्ञांची मदत घेणं बंधनकारक आहे. त्या प्रकरणात मूल्यांकन नव्याने करायला लावलं गेलं. खोटी आशा दाखवायची नाही म्हणून हेही सांगते, की फेरमूल्यांकनानंतरही त्या मुलावर सज्ञान म्हणूनच खटला चालवायचं ठरलं. पण त्या लढाईने पुढच्या सगळ्या मुलांसाठी मूल्यांकनाची पट्टी वर नेली.

परिणाम समजणं म्हणजे काय, हे मला कायद्याच्या पुस्तकापेक्षा एका मुलाने जास्त समजावलं. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. मंडळाची खोली म्हणजे साधं टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर कॅलेंडर. चाकूने भोसकल्याचा आरोप असलेला सतरा वर्षांचा मुलगा समोर उभा होता. ज्याला भोसकलं तो मुलगा रुग्णालयात अत्यवस्थ होता. दंडाधिकारी बाईंनी विचारलं, ‘तुला काही सांगायचंय का?’ तो बराच वेळ त्या कॅलेंडरकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘मॅडम, गुरुवारी फिजिक्सचं प्रॅक्टिकल आहे. तेवढ्यापुरतं सोडाल का? संध्याकाळी परत येतो.’ मार्कांनी तो वर्गात दुसरा होता.

दुसरी सूचना, मोठ्या कोर्टात जाऊ देण्याची. ‘तिथे साक्षीदार फुटतात’ हे ऐकायला भरवशाचं वाटतं. पण साक्षीदार टिकले नाहीत, पुरावा कच्चा निघाला, तर मुलगा मंडळासमोरच्या चौकशीतही निर्दोष सुटतो. गुन्हा सिद्ध तिथेही करावाच लागतो. म्हणजे मोठ्या कोर्टात जाऊन हाती नवं काही लागत नाही, आणि पुरावा टिकला तर काय जातं ते बघा. मंडळाने दोषी धरलं तर जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता येतं. पुढे नोकरी, पासपोर्ट यांच्या आड तो शिक्का येत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर ठरल्या वेळी नोंदी नष्ट करायच्या असतात. सज्ञान म्हणून दोषी धरलं तर तीन वर्षांची मर्यादा जाते आणि नोंद कायम राहते. फाशी देता येत नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही देता येत नाही, पण खुनाला जन्मठेप होऊ शकते. २१ वर्षांचा होईपर्यंत त्याला ‘सुरक्षित ठिकाणी’ ठेवतात. मग तो किती सुधारला हे बघून सोडायचं की उरलेल्या शिक्षेसाठी तुरुंगात पाठवायचं, हे ठरतं. नुसत्या अंदाजावर पोराचं एवढं आयुष्य पणाला लावू नका.

इथे दुसऱ्या घरांसाठी दोन ओळी. सज्ञान म्हणून खटल्याचा विषय फक्त ‘निर्घृण’ गुन्ह्यांत येतो, म्हणजे ज्यांना कायद्याने किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे अशा. जास्तीत जास्त किती, हे बघायचं नसतं. खुनाच्या प्रयत्नाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा असली तरी किमान शिक्षा सांगितलेली नाही, म्हणून तो यात बसत नाही. सदोष मनुष्यवधही बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आणि २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यातही आलं. पुण्यात मे २०२४ मध्ये भरधाव मोटारीने दोघांचा बळी घेतला तेव्हा त्या अल्पवयीन चालकाला सज्ञान ठरवा, अशी मागणी राज्यभर झाली. जुलै २०२५ मध्ये मंडळाने पोलिसांची ती मागणी फेटाळली. त्या दोन घरांचं दुःख आणि लोकांचा संताप दोन्ही खरे होते. तरीही कलम बसतं का, हे आधी बघावं लागतं. तेव्हा ज्यांच्या घरी हा प्रसंग आला असेल त्यांनी एफआयआर घेऊन सगळ्यात आधी लावलेल्या कलमांची किमान शिक्षा वकिलांना विचारावी. ताई, तुमच्या बाबतीत कलम खुनाचं आहे, त्यामुळे ही वाट तुम्हाला मोकळी नाही.

आता तुमची टोचणी. तुम्ही पोराला आत ढकललं नाही. प्रत्येक आई हेच करते. दारात सरकारी माणूस आला की आपलं लेकरू किती गुणाचं आहे ते सांगते. मीही हेच केलं होतं, आणि मी तर वकील होते. पहिल्याच मूल्यांकनाच्या प्रकरणात मी मुलाची वक्तृत्व स्पर्धेची प्रशस्तिपत्रं जोडली होती. मला दाखवायचं होतं, की बघा, चांगला मुलगा आहे. आदेश आला तेव्हा त्यात लिहिलं होतं की वादविवादात भाग घेणाऱ्या मुलाची समज प्रौढासारखी असते. ती ओळ मी त्या दिवशी किती वेळा वाचली असेन! ‘गुणी’ आणि ‘जाणता’ हे दोन शब्द आपल्या बोलण्यात एकमेकांच्या इतके जवळ बसतात, की एक सांगायला गेलो तर दुसरा आपसूक लिहिला जातो.

म्हणून सांगितलेलं पुसू नका, अर्धवट राहिलेलं पुरं करा. परिवीक्षा अधिकाऱ्यांना पुन्हा भेटा, आणि भेटीत जे सांगाल ते साध्या मराठीत कागदावर लिहूनही द्या. ‘कर्ता पुरुष’ म्हणजे नेमकं काय, ते उलगडून सांगा. बाप वीस-वीस दिवस घरी नाही, म्हणून नववीपासून बँकेच्या रांगेत कोण उभं राहिलं? बहिणीचा ताप, आजीचं औषध, गॅस सिलिंडर कुणाच्या अंगावर पडलं? त्याला हे झेपत होतं का, की तो गप्प होत गेला? ज्या वयात घरात कुणीतरी मोठं विचारणारं लागतं, त्या वयात त्याला विचारणारा कोण होता? तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलं आहे, की त्या चौघांतला सगळ्यात मोठा याच्या गाडीत पेट्रोल घालून द्यायचा, वाढदिवसाला चौकात त्याचा फ्लेक्स लावायचा, आणि त्या रात्री त्याचा फोन आला: ‘गाडी घेऊन ये.’ हा गेला. ‘ज्या परिस्थितीत घडलं’ असं कायदा म्हणतो ती परिस्थिती हीच. १५ व्या कलमाचा निम्मा जीव त्यात आहे, आणि ती तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही.

सोबत शाळेतल्या अशा एखाद्या शिक्षकांना आणा जे नुसती स्तुती करणार नाहीत. तो कुणाच्या मागे लागायचा, कशाने चिडायचा, कधी गप्प व्हायचा हे सांगू शकतील असे. कधी डोक्याला मार लागला असेल, झोपेचा त्रास असेल, घरात मारहाण झाली असेल, कुणी त्याला छळलं असेल, तर तेही लपवू नका. घरची अब्रू जाईल ही भीती मला कळते. पण हे कागद चव्हाट्यावर येत नाहीत. बालकाची ओळख उघड करणं हा ७४ व्या कलमाखाली गुन्हा आहे. गावातल्या कुठल्या ग्रुपवर किंवा बातमीत त्याचं नाव, फोटो फिरत असेल तर स्क्रीनशॉट काढून तारखेसह मंडळाकडे लेखी तक्रार द्या.

या सगळ्यात एक अवघड गाठ आहे, ती तुम्हाला माहीत हवी. परिस्थिती सांगायची तर त्या रात्रीबद्दल बोलावं लागतं, आणि त्या रात्रीबद्दल किती बोलायचं हा बचावाचा नाजूक भाग आहे. ती गाठ तुम्ही सोडवू नका, मुलावरही टाकू नका. वकिलांनी मुलाला एकट्याने भेटून, घाई न करता, मूल्यांकनाच्या आधी हे बोलून ठेवायला हवं. खोटं बोलायला शिकवणं आणि पुढे काय होणार आहे ते समजावणं यात फरक आहे. दुसरं झालंच पाहिजे. तज्ज्ञ कोण असतील, काय विचारतील, न कळलेला प्रश्न परत विचारता येतो, घटनेबद्दल ‘हे मला आधी वकिलांशी बोलायचंय’ असं म्हणता येतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही तर तो घाबरून समोरच्याला खूश करणारी उत्तरं देईल. या वयाची मुलं तेच करतात. पोलिसांनी त्याच्याकडून कशावर सही घेतली होती का, हेही विचारा. बालकाकडून जबाबावर सही घ्यायची नसते.

यावरून वकिलांच्या निवडीवर येते. अर्धा एकर विकू नका, निदान आत्ता तरी नको. बालकाला आणि स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक आहे. फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील, हे तुमच्या भावाच्या मनातून जाणार नाही, तर दोन्हीकडच्या वकिलांना सारखेच प्रश्न विचारा. बाल न्याय मंडळासमोर याआधी किती प्रकरणं चालवली? १५ व्या कलमाच्या मूल्यांकनात तुम्ही काय करता? मुलाला भेटायला निरीक्षणगृहात कधी जाल? मोठमोठे फौजदारी वकील तिसऱ्या प्रश्नाला अडखळलेले मी पाहिले आहेत, आणि विधी सेवेच्या यादीतली तरुण वकील मुलगी दुसऱ्याच दिवशी एसटीने जाऊन मुलाला भेटून आलेलीही पाहिली आहे.

आणि त्या चौघांचा वकील कितीही मोठा असो, ‘आपण सगळ्यांचं एकत्रच बघू, पैशाचं टेन्शन घेऊ नका’ असा निरोप आला तर हात जोडून नाही म्हणा. तुमच्या मुलाच्या बचावातला महत्त्वाचा मुद्दा हाच असू शकतो, की सज्ञान माणसांनी त्याला वापरून घेतलं. बालकाला अशा कामाला लावणाऱ्यांसाठी ८३ व्या कलमात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड सांगितला आहे. तो मुद्दा त्या चौघांचा वकील कसा मांडेल? कायद्याप्रमाणे तुमच्या मुलाची सुनावणी त्या चौघांसोबत होतही नाही.

मूल्यांकन हे मंडळासमोर मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून तीन महिन्यांत संपवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं की ही मुदत ओलांडली म्हणून प्रक्रिया रद्द होत नाही, त्यामुळे ‘तारीख टळली की सुटलो’ या भरवशावर राहू नका. परिवीक्षा अधिकाऱ्यांचा सामाजिक तपासणी अहवाल आणि तज्ज्ञांचा अहवाल यांच्या प्रती आदेश होण्याआधी लेखी मागा, आणि त्यावर म्हणणं मांडायला वेळ मागा. आदेश विरोधात गेला तर ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं, आणि तिथे वेगळ्या तज्ज्ञांची मदत घेता येते. प्रकरण बाल न्यायालयात, म्हणजे सज्ञान म्हणून खटला जिथे चालतो त्या मोठ्या कोर्टात गेलं तरी, सज्ञान म्हणून खटल्याची खरंच गरज आहे का, हे त्या न्यायालयाने १९ व्या कलमाखाली स्वतः पुन्हा तपासायचं असतं. अनेक वकील हा टप्पा हातचा घालवतात, तुमच्या वकिलांना तो आठवणीने सांगा.

गेलेल्या मुलाच्या घरी जाऊन पाया पडावंसं तुम्हाला वाटतं, असंही तुम्ही लिहिलं आहे. ताई, आत्ता जाऊ नका. तुमचं मन कितीही स्वच्छ असलं तरी त्यांच्या दृष्टीने तो दबाव ठरेल, आणि पोलिसांच्या दृष्टीने साक्षीदारांना भेटणं. त्यांच्या दुःखात आत्ता तुमची भर नको. त्यांची वाट सोडून चाला, त्यांच्याबद्दल वावगा शब्द घरात कुणी काढला तर थांबवा, आणि भेटीत मुलगा स्वतःहून त्या मुलाचं नाव काढेल तेव्हा विषय बदलू नका. त्याला बोलू द्या, रडू द्या. फक्त त्या रात्रीचा तपशील भेटीच्या खोलीत, दहा जणांच्या कानांसमोर विचारू नका.

पुढच्या भेटीला गोधडी घेऊन जा. आधी अधीक्षकांना विचारा. स्वच्छ धुतलेली असेल आणि आत काही शिवलेलं नाही हे दाखवलं तर सहसा हरकत घेत नाहीत. हरकत घेतलीच तर तसा साधा अर्ज मंडळाकडे द्या. आणि परिवीक्षा अधिकाऱ्यांना जो कागद लिहून द्याल, त्यात त्या दिवशी त्याने काय मागितलं तेही लिहा, त्याच्याच शब्दांत.